त्या तारखेला

२०१७ चा हंगाम गुलाबी बोंडअळीनं खाल्ला. त्या हिवाळ्यात अकोट तालुक्यातल्या एका कास्तकाराला त्याच्या लेकीनं मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे आणलं. बुढा जेवत नव्हता, झोपत नव्हता, एकच वाक्य घोकत होता, “माह्या पापानं इहिरीचं पाणी खारं झालं.”

बाहेरून आलेला डॉक्टर असता तर पाणी खारं नाहीच, असं समजावत बसला असता. हे डॉक्टर इथलेच. अकोटाहून पूर्णेकडे निघालं की खारपाणपट्टा लागतो. तिथं पुण्यवंतानं विहीर खोदली तरी पाणी खारंच. म्हणजे अर्धं वाक्य खरं होतं. आजार होता तो ‘माह्या पापानं’ एवढ्यात. डॉक्टरांनी बुढ्याचे शब्द जसेच्या तसे केसपेपरवर उतरवले, तारीख-वेळ टाकली आणि खाली लिहिलं: तीव्र नैराश्य, अपराधाचा भ्रम.

पेशंटचं बोलणं त्याच्याच भाषेत लिहायची त्यांची खोडच होती. कंपाउंडर म्हणायचा, “साहेब, तुमी दवाखाना चालवता का कादंबरी लेहता?”

तालुक्याच्या गावी हा धंदा सोपा नाही. पाटीवर ‘झोप न येणे, डोकेदुखी’ ही अक्षरं मोठी आणि ‘मानसोपचार’ बारीक. लोक तोंडाला रुमाल बांधून जिना चढतात, गोळ्या घ्यायला मात्र अकोल्याला जातात, गावातल्या मेडिकलवाल्याला कळायला नको म्हणून. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं. त्यामुळे ‘नागपूरले नेऊन टाकू’ ही धमकी वऱ्हाडात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. असल्या गावात डॉक्टरचा एक कागद माणसाला उठवूही शकतो आणि बसवूही शकतो, आणि हे डॉक्टरच्या आधी भाऊबंदांना कळतं.

उपचाराला पुरता महिनाही झाला नव्हता, तोच लेक वकिलाकडून मृत्युपत्राचा मसुदा घेऊन आली. “बाबा मले चार एकर देऊन राह्यले. त्याईचं डोकं ठिकाणावर हाय, एवढं लेहून द्या.”

डॉक्टरांनी बुढ्याला आत घेतलं. तो म्हणाला, “चार काहून? सारंच देऊन टाका. मले पाप फेडाचं हाय.”

डॉक्टरांनी तेही लिहिलं आणि पुढे जोडलं: आज मृत्युपत्र करण्यास योग्य नाही. लेकीचे डोळे भरून आले. “माह्यावर भरवसा नाई?”

“तुह्यावर हाय, बाई. त्याईच्या आजच्या निर्णयावर नाई.”

आठवडाभरात थोरला मुलगा हजर. त्याला उलटा कागद हवा होता. बुढा येडा आहे, कायमचा येडा आहे. तारीख मागची टाकली तर अधिक बरं, फीचं काय ते पाहून घेऊ. डॉक्टर म्हणाले, “बाबाले आज घेऊन या, तपासतो. मागच्या तारखेले मी त्याईले पाह्यलंच नाई.” निदान केसपेपर तरी दाखवा, तर तेही नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवा, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही, ते ठरवायचा अधिकार कोर्टाचा, हेही त्यातच आहे.

मग गावात दोन बातम्या फिरल्या. थोरल्याच्या पानठेल्यावर, डॉक्टर लेकीनं विकत घेतला. लेकीच्या सासरी, डॉक्टर थोरल्यानं विकत घेतला. दोन्हीकडून विकल्या गेलेल्या या माणसाच्या दवाखान्यात काही महिने बाकं रिकामी होती. तत्त्व वगैरे बोलायला ठीक आहे, भाडं मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं.

पुढच्या दिवाळीनंतर बुढा स्वतःच्या पायानं जिना चढून आला. आल्या आल्या त्यानं कापसाच्या भावावरून सरकारला शिव्या घातल्या, तेव्हाच डॉक्टरांना निम्मा अंदाज आला. पण अंदाजावर सही होत नाही. त्यांनी लेकीला बाहेर बसवलं आणि विचारायला घेतलं. जमीन किती? सात एकर, स्वतः घेतलेली. मुलं किती? दोन. कोणाला काय? लेकीला चार, थोरल्याला तीन. विहिरीचं पाणी?

“खारं हाय. पयलेपासूनच हाय.”

“थोरल्याले कमी काहून?”

“त्याच्या शिक्षणाले दोन एकर इकलं, तवा कोनी डाक्टराले इचारलं नाई.”

डॉक्टर हसले. तेही वाक्य कागदावर गेलं. दाखल्यात त्यांनी एवढंच लिहिलं, की आज, या वेळी, यांना आपली मालमत्ता, आपली माणसं आणि आपण काय करतो आहोत हे नीट समजतं.

बुढा वारला आणि प्रकरण अकोटच्या कोर्टात उभं राहिलं. गंमत अशी, की दोन्ही वकिलांना हवा होता तो कागदांचा गठ्ठा एकच. थोरल्याच्या वकिलानं पहिलं पान फडकवलं. “पापानं पाणी खारं होतं म्हणणारा माणूस शहाणा?”

“त्या तारखेला नव्हता.”

“आणि मृत्युपत्राच्या तारखेला?”

“होता.”

“इतकं सोपं असतं?”

“सोपं नसतं साहेब, म्हणून दोन्ही वेळा तपासलं.”

लेकीच्या वकिलाचीही घाई होती. तो म्हणाला, “म्हणजे तसा आजार असा काही नव्हताच ना?” डॉक्टर म्हणाले, “होता, आणि मोठा होता.” वकील चरफडत खाली बसला.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं ५९ वं कलम या बाबतीत सरळ आहे: एरवी वेड असलेला माणूसही, मन ताळ्यावर असतानाच्या काळात, मृत्युपत्र करू शकतो. खुनाच्या खटल्यातही कसोटी वेळेचीच. डाह्याभाई ठक्कर प्रकरणात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आरोपीची मनःस्थिती गुन्हा घडला त्या वेळी काय होती, ते महत्त्वाचं. आधीनंतरचं वागणं पाहायचं, ते त्या वेळेपर्यंत पोचायला.

न्यायाधीशांनी मात्र मधलंच पान उघडलं, लेकीला दिलेल्या नकाराचं. ‘आज मृत्युपत्र करण्यास योग्य नाही’ हे त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत?”

“कोणाच्याच नाही. उलट हे लिहू नका म्हणून सांगत होते.”

त्यानंतर पुढच्या दाखल्याविषयी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मृत्युपत्र टिकलं.

थोरला हरला, आणि डॉक्टरांना वाटलं, एक घर कायमचं तुटलं. पण पुढच्या वर्षी एका संध्याकाळी, तोंडाला रुमाल न बांधता, थोरला जिना चढून आला. सोबत बारावीतला मुलगा. पोरगं रात्र-रात्र जागं राहतं, पुस्तक उघडलं की हात थरथरतात, काल म्हणालं की जगून काय उपयोग. डॉक्टरांनी नवा केसपेपर ओढला.

“याचा कागद कोनाले दाखवसान?” थोरल्यानं विचारलं.

“याच्या परवानगीबिगर कोनालेच नाई. कोर्टानं मागितला तर कोर्टाले.”

“मंग सारं लेहा,” थोरला म्हणाला, “मी बाहेर बसतो.”