सातपायरीच्या वळणावर

गाडी कडेला घ्या. वळणात नको, वळण संपल्यावर, जिथून वरून येणाऱ्यालाही दिसाल आणि खालून येणाऱ्यालाही. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला दगड लावा. किल्ली फिरवून इंजिन बंद करा. आता अर्धा तास काहीही करायचं नाही.

हे मनन तापलेल्या गाडीच्या सोबतीनं करायचं आहे. जवळ गाडी नसेल तर मनातली चालेल. मे महिना, दुपारचे दोन. शहादा, म्हसावद, राणीपूर मागे पडलं, पुढे तोरणमाळ. मागच्या सीटवर तीन माणसं, मांडीवर पिशव्या, एसी चालू. सातपायरी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढताना तापमानाचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकला. तुम्ही तो सरकताना पाहिला होता आणि मनात म्हणालात, पुढच्या वळणापर्यंत बघू. स्वतःला दोष देऊ नका, असं सगळेच म्हणतात. पण ते एक वळण नीट आठवून ठेवा. हेड गास्केट जातं ते बहुतेक त्याच वळणावर.

सावलीत बसा. कान गाडीकडे ठेवा.

बॉनेटखालून बारीक सुस्कारा ऐकू येतोय. थोडा गोडसर वास येतोय, तो कुलंटचा. हात झाकणाकडे जाईल, जाऊ देऊ नका. रेडिएटरचं झाकण आतलं पाणी साधारण एका वातावरणाइतक्या जादा दाबाखाली धरून ठेवतं, म्हणून ते शंभराला न उकळता एकशेवीसच्या आसपासपर्यंत तग धरतं. वर तोरणमाळला, समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरवर, चहाचं आधण ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. या दोन आकड्यांच्या मध्ये तुमचा हात आहे. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. पंख्याच्या पात्यांजवळही बोटं नेऊ नका. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरायला लागतो.

श्वास सावकाश होऊ द्या. सुस्कारा थांबेल, मग तापलेलं लोखंड आकसताना टिक्‌ टिक्‌ करेल. तेही ऐका.

आता एक गोष्ट मनाशी घोळवा. इंजिन गरम असण्यात काही चूक नाही. ते नव्वद अंशांच्या आसपासच खुशीत चालतं. थंड असेल तोवर थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंदच ठेवतो. जळलेल्या तेलातली उष्णता ढोबळमानाने तीन वाटांनी जाते. एक वाटा चाकांना, एक सायलेन्सरमधून धुरासोबत, एक पाण्यातून रेडिएटरच्या जाळीकडे. जाळी ती हवेच्या हवाली करते. बिघाड उष्णतेत नाही, हवाली करण्यात आहे.

आणि ही हवा पाहा. जानेवारीच्या सकाळी ती पंधरा अंशांची असते. पाणी पंच्याण्णवचं धरलं तर फरक ऐंशीचा. आज हवाच त्रेचाळीसची. फरक बावन्न. तीच जाळी, तेच पाणी, पण उष्णता जाते ती दोन तृतीयांशच्या आत-बाहेर. आमचा नंदुरबार जिल्हा उन्हाला वाईट म्हणत नाही. मोकळ्या पथारीवर लाल मिरचीचे ढीग पसरून त्याच उन्हावर इथला व्यापार उभा आहे. पण गाडीची जाळी मिरची नव्हे. तिला वारा हवा.

वाऱ्यापाशी जरा जास्त वेळ थांबू या.

सकाळी प्रकाशा ओलांडून शहाद्याकडे येताना रस्ता सरळ होता, ताशी सत्तर-ऐंशीचा वेग होता. तेव्हा काटा हलला नाही. जाळीवर वारा आपोआप आदळत होता, पंख्याला कामच नव्हतं. म्हणजे पंखा मेलेला असता तरी तुम्हाला कळलं नसतं. एक महिन्यापूर्वी मेला असता तरी नाही. घाटात वेग वीसवर आला, भार वाढला, वारा गेला आणि तेव्हा कुठे त्याची गैरहजेरी समजली. म्हणून जाणता मिस्तरी बॉनेटला हात लावायच्या आधी एकच विचारतो: कधी तापते, उभी असताना की पळताना? उभी असताना किंवा रांगताना तापत असेल तर संशय पंख्यावर. मोकळ्या रस्त्यावर पळतानाही तापत असेल तर पाणी कमी, जाळी चोंदलेली, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पंप थकलेला.

हे दुखणं जुनं आहे. विल्हेल्म मायबाखनं १९०० साली पहिल्या मर्सिडीजसाठी ८,०७० बारीक नळ्यांची मधाच्या पोळ्यासारखी जाळी बनवली. एवढं करूनही हळू चालताना वारा पुरावा म्हणून त्यानं जाळीमागे पंखा बसवलाच.

डोळे मिटा आणि आठवा: तुमच्या गाडीचा पंखा शेवटचा कधी ऐकला होता? बाजारात गर्दीत उभं असताना पुढून येणारा तो घुर्रकन आवाज, थोडा वेळ चालून आपोआप बंद होणारा. दिवाळीत? होळीला? बंद पडलेल्या आवाजाची आठवण काढणं फार अवघड असतं. घाई नको, सावकाश आठवा.

मोटारसायकलवरून कुणीतरी उतरतंय. “काय व्हयनं भाऊ?” गाडी तापली म्हणा. तो पाण्याचं विचारेल, पाड्यावरून आणून देतो म्हणेल. सातपुड्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात हंडा किती लांबून येतो, हे त्याला तुमच्याहून जास्त माहीत आहे, तरी तो विचारेल. मागितलं तर मिळणार, म्हणूनच मागू नये असं मला वाटतं. डिकीत पाच लिटरचा डबा ठेवणं हा घाटातला साधा शिष्टाचार आहे.

अर्धा तास झाला. तळहात बॉनेटजवळ न्या. धग ओसरली असेल तर वरची होजपाइप फडक्यातून दाबून बघा. मऊ लागली म्हणजे दाब उतरला. जाड फडकं झाकणावर टाकून पाव वळसा फिरवा, थांबा, मग काढा. पाणी थोडं थोडं घाला. तापलेल्या हेडवर गार पाण्याचा लोट म्हणजे तडा.

आता पंखा. इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत त्यासोबत पंखा फिरायलाच हवा. फिरत नाही? इंजिन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि पातं बोटानं ढकला. अडकत असेल तर मोटर गेली. मोकळं फिरत असेल तर वायर जोडून फ्यूज पाहा. फ्यूज शाबूत असेल तर रिले. अनेक गाड्यांत हॉर्नचा रिले तसाच, त्याच आकाराचा, त्याच नंबरचा असतो. नंबर जुळवून तो काढा, पंख्याच्या जागी बसवा, पुन्हा एसी लावा.

घुर्र.

हा आवाज पुरता ऐका. दोषी सापडला: बोटाच्या पेराएवढा रिले.

आता गाडीला पंखा आहे, हॉर्न नाही. वर अजून आंधळी वळणं आहेत. म्हणून हॉर्नचा रिले परत हॉर्नला लावा, एसी बंद ठेवा आणि तोरणमाळ आज राहू द्या. खाली वळा. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंजिन जवळजवळ काहीच जाळत नाही, तापतही नाही. उतारावर हॉर्न लागतो, पंखा लागत नाही. सपाटीवर आल्यावर वारा आहेच. शहाद्यात गर्दी लागली की पुन्हा अदलाबदल करा, आणि दुकानातून रिले घेताना एक नाही, दोन घ्या.