धाब्याच्या घराचा शेजार

खानदेशात जुने घर म्हणजे धाब्याचे घर. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळ्या, कडीपाट आणि त्यावर पसरून चोपलेली माती. वैशाखात बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हाही आत माणसाला दुपारची झोप लागते; रात्री त्याच धाब्यावर बाजा पडतात. अशा घराच्या अंगणात गोठा, न्हाणीघर, पाहुण्यांची खोली असे काही नवे बांधायचे म्हटले, की प्रश्न केवळ विटा-सिमेंटाचा राहत नाही. जुन्याशेजारी नव्याने कसे वागावे, असा तो होतो. आणि दिवाळीला एका पंगतीस बसणाऱ्या तीन पिढ्यांना त्याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

आमच्याकडे याची दोन उत्तरे रूढ आहेत. पहिले बेदरकार. घरापेक्षा उंच स्लॅब चढवायचा आणि त्याचे सांडपाणी बिनदिक्कत मातीच्या भिंतीच्या पायाशी सोडायचे. दुसरे अलीकडचे व सुशिक्षितांचे. सिमेंटच्या खोलीला शेणामातीचा रंग द्यायचा, न पेटणारे कंदील टांगायचे, भिंतीवर वारली चित्रे काढायची. (खानदेशातल्या घरावर वारली कशाला, हे विचारू नये.) पहिल्यात उद्धटपणा आहे, पण लबाडी नाही. दुसरे मात्र नक्कल करून मान राखल्याचे समाधान मिळवते. शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवून घेणाऱ्या मुलाला शेजाऱ्याविषयी आदर असल्याचे मी शाळेत कधी पाहिलेले नाही.

तिसरी वाटही असते. साबरमती आश्रमात गांधीजींच्या ‘हृदयकुंज’ या साध्या कौलारू घराजवळ संग्रहालय बांधायचे होते. ते काम चार्ल्स कोरिया या तरुण वास्तुशिल्पज्ञाकडे आले. १९६३ साली नेहरूंच्या हस्ते उघडलेल्या त्या इमारतीत वीट, लाकूड, दगडी फरशी, कौले ही आश्रमातलीच. खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी झडपा आहेत. सहा-सहा मीटरांचे चौरस खण, काही बंद, काही मोकळे, मधे पाण्याचा चौक, आणि सारे बैठे. तरी ती आश्रमातली जुनी कुटी असल्याचे सोंग करीत नाही. काँक्रीटच्या तुळ्या उघड दिसतात, आणि त्याच पन्हळी होऊन पावसाचे पाणी वाहून नेतात.

आमच्या खानदेशानेही असे काही पाहिले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले, तेव्हा शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी तिथले टिळकनगर बांबू आणि गावाकडच्याच सामानातून उभारले. चार दिवसांचे नगर, पण गावाला खिजवणारे नव्हते.

इथपर्यंत बोलणे सोपे आहे. आमच्या घरी प्रश्न न्हाणीघराचा आहे. काकू ऐंशीच्या पुढे गेल्या. संडास अंगणाच्या टोकाला, गोठ्यापलीकडे. आखाजीला सारे जमले तेव्हा विषय निघाला. पुण्याच्या पुतण्याचे म्हणणे, नवे बांधकाम गोठ्याआडच असावे. घराचे जुनेपण फोटोत बिघडता कामा नये. काकू म्हणाल्या, “रातले मी तठे कशी जाऊ?” मग कोणी बोलले नाही. सोयीची जागा एकच, स्वयंपाकघरालगतची. आणि तिकडे जायचे तर आजोबांनी उभारलेल्या भिंतीत दार पाडावे लागते.

मान कोणाचा राखायचा, भिंतीचा की ती साठ वर्षे सारवणाऱ्या बाईचा? मला हा पेच खोटा वाटतो. भिंतीचेही हक्क आहेत, पण ते निराळे. तिच्या पायात पाणी मुरू नये. तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापू नये, कारण त्याआड ओल कोंडते आणि माती आतून भुसभुशीत होते. म्हणून न्हाणीघर दोन हात सोडून, विटांचे, धाब्यापेक्षा बुटके. मधल्या बोळावर छप्पर, सांडपाणी दूर केळीच्या आळ्यात. आत पांढऱ्या फरशा, बसायचे कमोड, धरायला लोखंडी दांडी. ते नवे दिसणार, आणि दिसावे.

दार कुठे पाडायचे ते काकूंनीच कोळशाने आखून दिले आहे: कोनाड्याच्या डावीकडे, जिथे वर तुळईचा भार येत नाही. पुतण्या अजून राजी नाही. गवंडी भाऊबीजेनंतर येणार आहे.