ती कशी होती?

सातवीच्या वर्गात मी दरवर्षी बुखारी शरीफमधली एक हदीस सांगते. बनी इस्राईलमधली एक बदनाम बाई. विहिरीपाशी तहानेने जीव चाललेला कुत्रा तिला दिसला. तिने पायातला मोजा काढला, ओढणीला बांधला, पाणी शेंदले आणि त्याला पाजले. अल्लाहने तिला माफ केले. मुलांना कुत्रा फार आवडतो. पण एखादी मुलगी हळूच विचारतेच, "टीचर, ती बदनाम का होती?"

जून 2024 मध्ये पाकिस्तानात, सिंधच्या सांघड जिल्ह्यात, शेतात शिरला म्हणून एका उंटाचा पाय तोडला गेला. चित्रफीत पसरली, देश हळहळला. मालक तक्रार द्यायला तयार नव्हता, तेव्हा पोलिसांनी सरकारतर्फे गुन्हा नोंदवला. उंटाला उपचारासाठी कराचीला नेले. चांगलेच झाले. त्या उंटाचे वळण कसे होते, हे कुणी विचारले नाही.

जुलै 2025 मध्ये दुसरी चित्रफीत आली, बलुचिस्तानातली. क्वेट्ट्याजवळच्या ओसाड माळावर एका स्त्रीला आणि पुरुषाला गोळ्या घातल्या होत्या. संताप याही वेळी उसळला, अटका झाल्या, हे मान्य. पण लगोलग चर्चा वळली ती दोघांचा निकाह झाला होता का, याकडे. खुद्द मुख्यमंत्र्यांनी हत्येचा निषेध करतानाच सांगितले की, ती दोघे पतीपत्नी नव्हती आणि दोघांनाही मुले होती. खुनाच्या तपासात या माहितीचे काय काम?

मला वाटते, जनावराला मर्जी नसते असे आपण धरून चालतो, म्हणून त्याची दया करणे सोपे जाते. बाईला मर्जी असते. तिने ती एकदा दाखवली की आपली दया आधी तिचे चारित्र्य तपासायला बसते, आणि तोवर तिला दफनही केलेले असते.

कंदील बलोचला जुलै 2016 मध्ये मुलतानला सख्ख्या भावाने मारले, गैरतीचे कारण सांगून. वारसांनी माफ केले की खुनी सुटायचा, आणि अशा खुनात वारस व खुनी बहुधा एकाच घरातले! ऑक्टोबर 2016 मध्ये कायदा बदलला. गैरतीच्या नावाने केलेल्या खुनाला वारसांच्या माफीनंतरही जन्मठेप ठरली. भावाला 2019 मध्ये ती झालीही. पुढे आईने माफी दिली, साक्षीदार फिरले, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडले. मालक गप्प बसला तर उंटासाठी सरकार उभे राहते. मुलीचे आईबाप गप्प बसले तर कोण?

सीमेपलीकडची गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. 'गैरत' हा शब्द आमच्या मोहल्ल्यातही भावांच्याच तोंडी असतो, बहिणींच्या नव्हे.

यंदा त्या मुलीला मीच उलट विचारले, "पाणी पिताना कुत्र्याने विचारले का, ती कशी आहे?" वर्ग हसला. ती हसली नाही. म्हणाली, "मग आपल्याला का सांगितले?"

तेवढ्यात तास संपला. उद्या तोच वर्ग आहे.