कुठे ठेवलंय?

घरातलं माणूस आजारी पडलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'कुठे ठेवलंय?' काय झालंय, हे त्यानंतर. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचं नाव ऐकलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. सरकारी दवाखान्याचं ऐकलं की आवाज उतरतो. दवाखाना हा आपल्याकडे मायेचा आणि ऐपतीचा पुरावा होऊन बसला आहे. उद्या चारचौघांत 'आम्ही कुठे कमी पडलो नाही' म्हणता यावं, म्हणून इमारत निवडली जाते. आजाराने वेळ किती दिला आहे आणि तेवढ्या वेळात लागणारं औषध किंवा यंत्र नेमकं कुठे आहे, हा हिशेब राहूनच जातो. तो मांडला, तर जवळचं बरं की मोठं, हा वाद बराचसा मिटतो.

सर्पदंश घ्या. जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते. ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, घोट गिळवत नाही. घोणस किंवा फुरसं असेल, तर रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला मोठं यंत्र लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत तो दोन मिलिलिटर रक्त घेतो, २० मिनिटं नळीला हात लावत नाही, मग ती तिरकी करतो. रक्त वाहिलं, तर विष भिनलं आहे. सर्पविषावरची लस तिथेच सुरू करायची. पुढे हलवायचं ते त्यानंतर. लस असलेलं केंद्र ओलांडून जिल्ह्याच्या गावी गाडी पळवणारा आणि मांत्रिकाकडे नेणारा, दोघंही रुग्णाचा तोच मोलाचा वेळ घालवतात.

लहान केंद्रात काय होऊ शकतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं आहे. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण दगावताना पाहून त्यांनी खाटेशेजारी थांबून नोंदी ठेवल्या. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी लाल विंचवाच्या दंशात जीव वाचवते, हे त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं.

पक्षाघातात मात्र नेमकं उलटं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर कोपऱ्यावरचा दवाखाना उपयोगाचा नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि सीटी स्कॅनशिवाय ते देता येत नाही. झटका गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे बाहेरून कळत नाही. आणि रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर उठतं. सीटी नसलेल्या ठिकाणी 'एक सलाईन लावून बघू' म्हणत घालवलेले दोन तास रुग्णाचं पुढचं चालणं-बोलणं घेऊन जाऊ शकतात. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ डॉक्टरला सांगता आली पाहिजे. छातीवर दाब आणि दरदरून घाम असताना 'पित्त असेल' म्हणून सोडा पाजणं हाही त्याच जातीचा घोळ. मधुमेह असलेल्याची छाती हृदयविकाराच्या झटक्यातही दुखेलच असं नाही.

आता दुसरी बाजू. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मध्यरात्री महिनाभर अंगावर काढलेला खोकला असतो, जुनी गुडघेदुखी असते. नंतर आलेला अपघातग्रस्त आधी आत गेला की बाकावरचे चिडतात. तिथली रांग केसपेपरच्या नंबरवर नव्हे, धोक्यावर चालते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. दिवसा ओपीडी गाठायची तर रोजगार बुडतो. सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा आपला निकष आहे. पण त्याला कुलूप दिसलं, डॉक्टर गैरहजर सापडला, की गाव ती पायरी पुन्हा चढत नाही. खालची पायरी निसटली की सगळा भार वरच्या पायरीवर येतो. रक्तदाब, साखर, ताप, खोकला यांची जागा फॅमिली डॉक्टरकडे किंवा आरोग्य केंद्रात आहे. ती जागा विश्वासाची करणं ही सरकारची जबाबदारी, आणि ती मागून घेणं ही आपली.

आणि अपघातग्रस्ताला दारातच अडवलं, तर? कायद्यापुरतं बोलायचं, तर 'पोलीस केस आहे, आधी ठाण्यात जा' हे कुठल्याही डॉक्टरला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच, परमानंद कटारा खटल्यात, सरकारी आणि खासगी दोघांनाही हे बजावलं आहे.

कुठे जायचं, हा हिशेब आजार येण्याआधीच मांडून ठेवायला हवा. दिवाळीत घर एकत्र जमतं. फराळ झाला की एक कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा: सर्पविषावरची लस जवळ कुठे मिळते, रात्री सीटी स्कॅन कुठे चालू असतं, हृदयविकारावर चोवीस तास उपचार कुठे होतात, आणि फॅमिली डॉक्टरचा नंबर. तिथे प्रत्यक्ष चौकशी करूनच लिहा, ऐकीव माहितीवर नको. खाली ठळक अक्षरांत १०८ लिहा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे आणि ती मोफत आहे.