श्रेयाचे माप कोणाच्या पदरात?

२ मार्च २०२५, रविवार. नागपूरजवळच्या जामठा मैदानावर विदर्भ आणि केरळ यांच्यातील अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आम्हा काही जणांत चांगलाच वाद रंगला. हे यश कोणाचे? एक म्हणाला, हर्ष दुबेचे. एका मोसमात ६९ बळी म्हणजे विक्रमच. दुसरा म्हणाला, अंतिम सामन्यात १५३ धावा काढणाऱ्या दानिश मालेवारचे. तिसऱ्याने प्रशिक्षक उस्मान घनींचे नाव घेतले. तेवढ्यात एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "अरे, हे झाड तर चंद्रकांत पंडितांनी लावले!"

वाद तिथेच राहिला, पण प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. मैदानात न उतरता संघ बांधणाऱ्या, माणसे निवडणाऱ्या माणसाला यशाचे किती श्रेय द्यावे?

पंडितांचीच गोष्ट पाहू. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर त्यांचा मुंबई संघ अंतिम सामन्यात गुजरातकडून हरला. आदल्याच मोसमात त्यांनी मुंबईला करंडक मिळवून दिला होता. तरी त्यांचे पद गेले. मग ते विदर्भाकडे आले. वर्षभराने, १ जानेवारी २०१८ रोजी, त्याच मैदानावर विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. पुढच्या मोसमात पुन्हा उचलला. माणूस तोच, मैदान तेच. एकदा निरोप मिळाला, एकदा हार.

त्या पहिल्या यशाचा धागा किती बारीक होता तेही आठवावे. उपांत्य सामना विदर्भाने कर्नाटकाविरुद्ध जिंकला तो अवघ्या ५ धावांनी. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात १२ बळी घेतले. एक-दोन चेंडू सीमेपार गेले असते, तर करंडक नाही आणि पंडितांचे कौतुकही नाही. पण त्यांनी वर्षभर घेतलेली मेहनत तेवढ्याने कमी झाली असती का? मुळीच नाही. म्हणजे निकालावरून श्रेय मोजायला गेलो की आपले माप चुकते.

मग संघ बांधणाऱ्याचा वाटा काहीच नाही असे म्हणावे का? तसेही नाही. पंडित पुढे मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ मध्ये त्या संघाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. तेव्हा त्यांच्या हाताला गुण आहे हे मान्य करावेच लागते. पण त्यांच्यामागे विदर्भही २०२५ मध्ये पुन्हा जिंकला. तेव्हा इथल्या मातीतही कस आहे हे तितकेच खरे. एकाचा वाटा मान्य केल्याने दुसऱ्याचा कमी होत नाही. श्रेय म्हणजे भाकरी नव्हे, की एकाला मोठा तुकडा दिला की दुसरा उपाशी राहावा.

जुन्या मंडळींना १९७१ साल आठवत असेल. भारताचा कर्णधार निवडताना निवड समितीत मते समसमान पडली. अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत पतौडींऐवजी अजित वाडेकरांना दिले. त्या वर्षी भारताने वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरवले. मर्चंटांनी एकही चेंडू टाकला नाही. धावा गावसकर आणि सरदेसाई यांनी काढल्या, ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी चंद्रशेखर यांनी घेतले. तरीही ते एक मत टाकण्याचे धैर्य मर्चंटांचेच होते. संघ हरला असता तर बोल त्यांनाच लागला असता. पुढे १९७४ मध्ये वाडेकरांचाच संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झाला आणि इंग्लंडमधली मालिका ३-० ने गमावून परतला. लोकांनी ज्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांनाच खाली आपटले.

अमेरिकेत बेसबॉलच्या संघाला जनरल मॅनेजर असतो. खेळाडू आणणे आणि पाठवणे हे त्याचे काम. ओकलंड संघाचे बिली बीन यांनी कमी पैशांत संघ उभा केला आणि २००२ मध्ये त्या संघाने सलग २० सामने जिंकले. बीन यांच्यावर पुस्तक निघाले, चित्रपट निघाला. त्याच संघात हडसन, मल्डर आणि झिटो हे तीन नामांकित चेंडूफेके होते. त्यांची नावे मात्र त्या कौतुकात मागे पडली. निवडणाऱ्याची हुशारी मोठी खरी, पण चेंडू शेवटी कोणाच्या तरी खांद्याने फेकलेला असतो.

हे आपल्याला दूरचे वाटायला नको. आपले जवाहरनगर आयुध निर्माणीच्या भोवती वसले. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथील स्फोटात आठ कामगार गेले. इथल्या घरांना ती नावे आधीपासून ठाऊक होती. बाहेरच्या जगाला ती त्या दिवशी कळली. रोज नीट पार पडणाऱ्या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही. ते किती हातांवर उभे असते हे हात गेल्यावरच कळावे, ही फार दुःखाची गोष्ट आहे.

करिंथच्या ख्रिस्तसभेतही हाच वाद होता. कोणी म्हणे आम्ही पौलाचे, कोणी म्हणे आम्ही अपुल्लोसाचे. संत पौलाने त्यांना शेतीच्या भाषेत समजावले: लावणी एकाने केली, पाणी दुसऱ्याने घातले, वाढ मात्र देवाची. त्याने लावणाऱ्याचे आणि पाणी घालणाऱ्याचे श्रम नाकारले नाहीत; प्रत्येकाला त्याच्या श्रमाप्रमाणे मिळेल असेच सांगितले. ध्यानात घ्या, श्रमाप्रमाणे, पिकाप्रमाणे नव्हे. आपल्याकडे धान पिकवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. रोवणी तीच, मेहनत तीच, पण एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो. म्हणून त्या शेतकऱ्याला आळशी म्हणायचे का?

तेव्हा पुढाऱ्याचे श्रेय मोजताना आम्हाला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. निकाल माहीत नसताना त्याने प्रामाणिकपणे निवड केली का? त्याच्या हाताखाली माणसे वाढली का? आणि हार झाली तेव्हा बोल त्याने स्वतःकडे घेतला का? तिन्हींचे उत्तर हो असेल तर करंडक असो वा नसो, तो मानाचा धनी आहे. यश आले की पुढे आणि अपयश आले की मागे, अशा माणसाला मात्र जिंकूनही फारसे देणे लागत नाही.

आपल्या सणाच्या दिवशी आभार मानताना समितीची नावे वाचली जातात, वाचावीतही. पण आदल्या रात्री उशिरापर्यंत खुर्च्या लावणारी मुले, भांडी घासणाऱ्या बाया, गायनवृंदात मागच्या रांगेत उभे राहून सूर धरणारा एखादा, यांची नावे त्या कागदावर नसतात. या आठवड्यात आपण प्रत्येकाने अशा एका माणसाला गाठून, नाव घेऊन, "हे तुमच्यामुळे झाले," एवढे सांगितले तरी पुष्कळ होईल.