एक ऑगस्टचे भाषण

जुलै सरत आला की घराघरांत एक फुलस्केप कागद फिरू लागतो. एक ऑगस्टचे भाषण! लोकमान्य टिळक मुंबईत वारले तो दिवस १ ऑगस्ट १९२०, आणि वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले तोही १ ऑगस्ट १९२०च. त्यामुळे वर्गातली निम्मी मुले शेंगांच्या टरफलांवर बोलतात, निम्मी दीड दिवसाच्या शाळेवर.

भाषण बहुधा आई लिहून देते, नाहीतर शिकवणीच्या बाई. मुलाच्या वाट्याला येते ते पाठांतर. नाव पुकारले की ते फळ्यापुढे येते, चड्डीची शिवण चिमटीत धरते आणि ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’ एका दमात सुरू होते. मग ‘जाज्वल्य’पाशी गाडी अडते. पाठांतरात एक ओळ पुढचीला ओढून आणते; मधली निसटली की मूल पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागते आणि नेमके त्याच शब्दावर घसरते. मागच्या बाकांवर खुसखुस.

‘अध्यक्ष महोदय’ला आपण हसतो, पण मला तो मायना हवासा वाटतो. गवई आधी षड्ज लावतो, तसा मुलाचा आवाज तेवढ्यात लागतो, गुडघे थाऱ्यावर येतात. माझी तक्रार आहे ती त्यापुढच्या मजकुराबद्दल. ‘प्रखर राष्ट्राभिमानी’ या शब्दांत चौथीतल्या पोराने धरावे असे काय आहे? त्यापेक्षा त्याला सांगा, मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहिले. पेन्सिल त्याच्या दप्तरात रोज असते. किती झिजल्या असतील, टोक कशाने काढत असतील, हे त्याचे तोच विचारू लागेल.

अण्णा भाऊ लहानपणी घरच्यांबरोबर वाटेगावहून मुंबईला चालत आले, हे सांगताना एका मुलीने कागदाबाहेरचे वाक्य घातलेले मी ऐकले आहे. ती म्हणाली, “त्यांच्या पायात चप्पल होती का, ते पुस्तकात दिलेलं नाही. मी बघितलं.” खुसखुस थांबली. बाईसुद्धा हजेरीपटातून मान वर करून बघू लागल्या.

दोन मिनिटांचे भाषण म्हणजे दोन-अडीचशे शब्द, जास्त नाहीत. कागद लिहून देण्याआधी कणीक मळता मळता विचारावे, ‘काय सांगणार रे तू उद्या?’ तो जे सांगेल त्याचेच तीन मुद्दे त्याच्याच अक्षरात चिठ्ठीवर उतरवून घ्यावेत आणि उभे करून एकदा मोठ्याने बोलायला लावावे. ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, जय हिंद, जय महाराष्ट्र’ हे मात्र खुशाल पाठ असू द्यावे. आणि ‘महाराष्ट्र’मधला ‘राष्ट्र’ बाकाकडे पळता पळता म्हणायचा नाही, एवढे बजावून ठेवावे.