आधी लक्षण, मग यंत्र
विमान जमिनीवर टेकले, हे विमानाने कशावरून ओळखायचे? १४ सप्टेंबर १९९३ रोजी लुफ्तान्साचे एअरबस ए-३२० वॉर्सा विमानतळावर पावसात आणि पाठच्या वाऱ्यात उतरत होते. वेग कमी करणारे पंखांवरचे स्पॉइलर उघडायचे, तर दोन्ही मुख्य चाकांच्या खांबांवर प्रत्येकी ६.३ टन भार हवा, किंवा चाके ७२ नॉटच्या वेगाने फिरायला हवीत, अशी संगणकाची अट होती. इंजिनांचा जोर उलट दिशेला वळवणाऱ्या रिव्हर्सरला तर दोन्ही बाजूंचा भार लागेच. उजवी चाके आधी टेकली, डावी सुमारे नऊ सेकंदांनी. धावपट्टीवर पाणी होते, चाके घसरत राहिली. संगणकाच्या लेखी विमान अजून हवेतच होते. ते धावपट्टी ओलांडून बांधावर आदळले आणि दोन जण गेले. विमानाचा वेग जास्त होता, हेही खरे. पण आज्ञावलीने तिला सांगितले होते तेच केले. उणीव ‘जमिनीवर’ म्हणजे काय हे ठरवण्यात होती.

भारतीय तर्कपरंपरेतले न्यायशास्त्र याला अव्याप्ती म्हणेल: लक्ष्य, म्हणजे जिची व्याख्या करायची ती गोष्ट, समोर आहे, पण लक्षण, म्हणजे व्याख्या, तिला लागू होत नाही. मग अट सैल का ठेवली नाही? कारण पलीकडे अतिव्याप्ती उभी आहे: लक्षण नको तिथेही लागू होते. १९९१ मध्ये थायलंडवर लाउडा एअरच्या बोइंगचा रिव्हर्सर हवेतच उघडला आणि २२३ माणसे मेली. तिथला बिघाड वेगळा होता, पण कडक अट कशाच्या भीतीने घातली जाते ते त्यातून कळते. या दोन दोषांमधली रेघ प्रोग्रामरला संगणकापुढे बसून सापडणार नाही. तिला ओल्या धावपट्टीबद्दलची, वाऱ्याबद्दलची, म्हणजे जगाबद्दलची विधाने लागतात. म्हणून यंत्राने काय करायला हवे, म्हणजे त्याच्या गरजा, ठरवणे हे मला ज्ञानमीमांसेचे काम वाटते, आणि ते रचनेच्या आधीचे आहे.

यावर आक्षेप घेतला जातो की गरजा आधी कळतच नाहीत, वापरताना उमगतात. यात तथ्य आहे. सगळे आधीच लिहून काढू हा हट्ट मीही धरणार नाही. पण न्यायशास्त्रातल्या वात्स्यायनाने शास्त्राची वाटचाल उद्देश (म्हणजे नाव घेणे), लक्षण, परीक्षा अशी सांगितली. परीक्षा शेवटी येते आणि लक्षण मोडूही शकते. मात्र लक्षणच केले नसेल, तर परीक्षा कशाची घेणार? वॉर्सानंतर भाराची अट खाली आणता आली, कारण ती कुणाच्या मनात मोघम नव्हती, आकड्यात मांडलेली होती.